कुणाच्या लेकरांवर शिकायचं?

आपल्या तालुक्यातल्या काही तरुण कार्यकर्त्यांनी एक निवेदन तयार केलं आहे. बी.एड. आणि डी.एड.ची पोरं सरावासाठी आपल्या वस्तीच्या शाळांवर पाठवणं बंद करा, नाहीतर शाळांना टाळं ठोकू, अशी मागणी आहे. निवेदन माझ्याकडेही सहीला आलं. मी सही केली नाही. पण मागणी करणाऱ्यांचा राग खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. राग शंभर टक्के खरा आहे. तो चुकीच्या दारावर जाऊन उभा राहिलाय, एवढंच.

राग कशाचा आहे ते आधी सांगतो. कारण आपल्यातले जे नोकरीला चिकटले त्यांना ते लवकर विसरायला होतं.

तालुक्याच्या गावी शाळा कमी नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या आहेत, बड्या संस्थांच्या आहेत. पण छात्राध्यापकांनी भरलेली काळीपिवळी थांबते ती जिल्हा परिषदेच्या शाळेपाशी, नाहीतर नगरपालिकेच्या. फीवाल्या शाळा सराव पाठाला वर्ग द्यायला तयार होत नाहीत. तिथले पालक ओरडतात, आम्ही पैसे भरतो ते काय शिकाऊ माणसाकडून शिकून घ्यायला? बरोबरच बोलतात ते. आपल्या वस्तीतली आईही हेच बोलली असती. पण तिला कुणी विचारलेलंच नसतं. सरकारी दवाखान्यात चालतं तेच हे. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला तयार डॉक्टर मिळतो, आणि तो डॉक्टर तयार झालेला असतो गरिबाच्या नाडीवर हात ठेवून. तयार झाल्यावर तो गरिबाकडं परत येतोच असं नाही.

मी जिल्हा परिषदेचा मास्तर आहे. दरसाल माझ्या वर्गावर छात्राध्यापक येतात. 'वर्गावर' हा आपल्या मराठीतला शब्द बघा. मास्तर वर्गात जात नाही, वर्गावर जातो. पाठसुद्धा पाचवीवर घेतला, सातवीवर घेतला, असंच म्हणतात. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण ह्या 'वर'मध्ये सगळं येऊन बसलंय. कुणीतरी वर आहे, कुणीतरी खाली आहे, आणि खालच्यावर काहीतरी केलं जातंय.

२०१४ साली एनसीटीईने नवे नियम काढले आणि एका वर्षाचं बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यातले वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे असं ठरलं, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. आंतरवासिता हे त्याचं सरकारी नाव. आधी छात्रसेवाकाल म्हणायचे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तर बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक पदवीची भाषा आहे. नावं बदलतील, वर्षं कमीजास्त होतील. आपल्यापुरता मुद्दा असा की हे आठवडे कुणाच्या तरी लेकरांच्या वर्षातून कापून घेतलेले आहेत. कॉलेजच्या वहीत त्यांची नोंद होते. लेकरांच्या बाजूनं त्यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

सराव पाठ कसा होतो ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो.

आधी टाचण. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. हर्बार्ट नावाचा जर्मन माणूस १८४१ साली वारला. त्याच्या शिष्यांनी त्याच्या विचारातून पाच पायऱ्या पक्क्या केल्या आणि ती पंचपदी आपल्याकडच्या टाचणात अजून ठाण मांडून आहे. पायऱ्या वाईट नाहीत. पण टाचणात शिक्षककृती आणि विद्यार्थीकृती असे दोन रकाने असतात, आणि विद्यार्थीकृतीचा रकाना पोरांचं तोंड बघायच्या आधीच भरलेला असतो! 'विद्यार्थी उत्तर देतील.' 'विद्यार्थी आनंदाने ऐकतील.' आदल्या रात्री खोलीवर बसून लिहिलेलं. लेकरानं उद्या काय बोलायचं ते आजच ठरलं.

मग पाठाचा दिवस. मागच्या बाकावर निरीक्षक, हातात वही. छात्राध्यापकाचा डोळा पोरांकडं नसतो, मागच्या बाकाकडं असतो. हुशार पोरांना सकाळीच सांगून ठेवलेलं असतं, मी असं असं विचारीन, तू हात वर कर. पोरं इमानदार असतात, सांगितलेलं नाटक नीट करतात. हात वर होतात ते पुढच्या दोन रांगांतले, तेल लावून भांग पाडलेले, गणवेश धुतलेले. खिडकीकडचं ऊसतोडीवरून दिवाळीनंतर आलेलं, पुस्तक नसलेलं पोरगं पस्तीस मिनिटं कुणालाच दिसत नाही. शेरा पडतो: फलकलेखन सुवाच्य, आवाज स्पष्ट, साधनांचा वापर योग्य, विद्यार्थी प्रतिसाद चांगला. किती जणांना एकदाही विचारलं नाही, आणि ते कोण होते, ह्याला वहीत रकाना नाही.

ह्यातून छात्राध्यापक काय शिकतो? वर्गात दिसणारी लेकरं आणि न दिसणारी लेकरं अशी वाटणी करायला शिकतो. कुणी त्याला हे मुद्दाम शिकवत नाही. रचनाच तशी आहे. अशी चांगल्या घरची, सालस पोरं मी बघितली आहेत, जातीचं नाव तोंडातून कधी काढणार नाहीत अशी. तीही चार आठवड्यांत हे बेमालूम शिकतात.

बाबासाहेबांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेबद्दल लिहून ठेवलंय. कोपऱ्यात वेगळं गोणपाट, ते घरून आणायचं, संध्याकाळी घरी न्यायचं. तहान लागली तर शिपायानं नळ सोडायचा. शिपाई नसला तर पाणी नाही. तिथल्या मास्तरांना शिकवता येत नव्हतं असं ते लिहीत नाहीत. त्यांचं गणित बरोबर असेल, व्याकरण पक्कं असेल. एक लेकरू गोणपाटावर बसलंय आणि आपण हे चालू देतोय, हे त्यांना दिसत नव्हतं, किंवा दिसून चालत होतं. कौशल्य वेगळं आणि नजर वेगळी. आपली प्रशिक्षणाची कॉलेजं कौशल्याला गुण देतात.

इथपर्यंत आलो की आपले मित्र म्हणतात, सर, तुम्ही आमचंच बोलताय. मग सही का नाही?

एक तर असं बघा. छात्राध्यापकाला आपल्या शाळेतून हाकलून दिलं तर सराव थांबतो का? थांबत नाही, पुढं ढकलला जातो. तो माणूस कागदावर पाठ पूर्ण दाखवून पदवी घेतो. दुसऱ्याच्या टाचणवह्या उतरवतो, मुख्याध्यापकाची सही आणतो, दोन वर्षं कॉलेजचं तोंड न बघता पास होतो. अशी कॉलेजं आहेत हे आपल्याला सांगायला पाहिजे असं नाही. महाराष्ट्रातल्या खाजगी डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला, २०१२ साली त्याचा अहवाल आला. शिक्षक तयार करण्याच्या नावाखाली कसली दुकानदारी चाललीय ते तिथं सरकारी कागदावरच आलं. असा कोरा माणूस नोकरीला लागला की पाठवतात कुठं? तांड्यावर, वाडीवर, आपल्या वस्तीत. मग तो तीस वर्षं आपल्याच लेकरांवर सराव करतो, आणि मागच्या बाकावर वही घेऊन कुणी बसलेलं नसतं. पस्तीस मिनिटांचा नजरेखालचा सराव नको म्हणून तीस वर्षांचा बिननजरेचा पदरात घ्यायचा, हा सौदा मला मंजूर नाही.

दुसरं, आपल्याही पोरी डी.एड., बी.एड.ला आहेत. त्यांना वर्ग कुणी द्यायचा? फीवाली शाळा देणार नाही. आडनाव ऐकून तर नाहीच. आपल्या वस्तीची शाळाही बंद केली तर त्यांनी भिंतीला शिकवावं काय? कुणी म्हणेल आपल्या माणसाला सरावाची गरज नाही, तो आतून आलेला असतो, त्याला दुःख ठाऊक असतं. मला हे फसवं वाटतं. दुःख ठाऊक असलं म्हणून अपूर्णांक शिकवता येतो असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. प्राथमिक शाळांतले मास्तर बहुतेक ब्राह्मण आणि बरेचसे अप्रशिक्षित, ही त्यात त्यांची तक्रार होती. त्यांना मास्तर हवा होता प्रशिक्षण घेतलेला आणि कष्टकरी जातींतून आलेला, नांगर धरायची लाज नसलेला. त्यांनी दोन्ही मागितलं. एक नाही म्हणून दुसऱ्यावर भागवा असं ते म्हणाले नाहीत. सावित्रीबाईंनीही आधी प्रशिक्षण घेतलं.

तेव्हा शिकाऊ माणसानं आपल्या लेकरांपाशी येऊन शिकणं हा गुन्हा नाही. जगात कुठलंही काम माणूस कुणाच्या तरी पदरी चुका घालूनच शिकतो. आपली आई पहिली भाकर थापते तेव्हा ती कुणीतरी खातंच. तिथं अन्याय होत नाही, कारण खाणारा घरचा असतो, त्याला बोलायची मुभा असते, आणि पुढच्या चांगल्या भाकरीही त्याच्याच ताटात पडणार असतात. आपल्या लेकरांच्या वाट्याला करपलेली पहिली भाकर तेवढी येते. बोलायची मुभा नाही, आणि हात बसला की थापणारी दुसऱ्याच्या घरी. अन्याय इथं आहे. म्हणून भांडायचं असेल तर ते मुभेसाठी आणि पुढच्या भाकरींसाठी भांडावं.

बुद्धाच्या सिगालोवाद सुत्तात दक्षिण दिशा आचार्यांची सांगितली आहे. शिष्यानं आचार्यासाठी काय करायचं ते सांगितलं, आणि लगेच आचार्यानं शिष्यासाठी काय करायचं तेही सांगितलं. एकतर्फी काहीच नाही. छात्राध्यापक हा शब्द ह्या दृष्टीनं बघण्यासारखा आहे. तो एकाच वेळी दोन्हीकडं बांधलेला आहे. मागच्या बाकावरच्या निरीक्षकाचा तो छात्र आणि समोरच्या लेकरांचा अध्यापक. माझं तर म्हणणं असं की तो समोरच्या लेकरांचाही छात्र आहे. त्यांच्यापाशीच तो शिकवणं शिकतोय. मग गुरुदक्षिणा नको का द्यायला? (एकलव्याची गोष्ट इथं काढू नका. अंगठा पुष्कळदा कापून झाला. मी देणाऱ्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल बोलतोय.)

आता वस्तीतल्या कामाबद्दल. बी.एड.ला समाजसंपर्क म्हणून एक भाग असतो. त्यात सर्वेक्षण येतं. पाच-सहा जण छापील तक्ता घेऊन वस्तीत शिरतात. घरात माणसं किती, शिकलेली किती, संडास आहे का, व्यसन कुणाला आहे. हा तक्ता मी पाटील गल्लीत, व्यापारी पेठेत गेलेला बघितला नाही. तो नेहमी आपल्याच दारात येतो. मागं आमच्या वस्तीत एका म्हातारीनं तक्ता भरणाऱ्या पोरीला सरळ विचारलं, "बाई, तुझ्या घरी दारू कोण कोण पितं? माझं लिहून घेतलंस, आता तुझं सांग." पोरगी गांगरली. बरोबरचे हसले. पण म्हातारीनं प्रश्न नेमका टाकला होता. विचारायचा अधिकार एकाच बाजूला कसा? आणि लिहून नेलेलं कुठं जातं? फाईल होते, फाईलला गुण मिळतात, फाईल कपाटात. वस्तीला तिच्याबद्दल काय लिहिलं ते कळतसुद्धा नाही.

मी म्हणतो, येऊ द्या त्यांना. पण जे लिहिलं ते बुद्धविहारात किंवा समाजमंदिरात बसून वाचून दाखवायचं. आणि आपल्या बाया-माणसांनी म्हणायचं, हे खरं, हे खोटं, हे तू चुकीचं समजलास. एवढ्यानं सुद्धा येणाऱ्या पोरांची छाती थोडी धडधडेल, आणि धडधडायला पाहिजे.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. ह्या प्रश्नावर आपल्यात मतभेद आहेत आणि मला ते लपवायचे नाहीत.

आपल्याच समाजातली एक छात्राध्यापिका दुसऱ्या गावच्या शाळेत आंतरवासितेला होती. दुपारच्या खिचडीला तिथं आपली लेकरं भिंतीच्या कडेला वेगळी बसायची. कुणी बसवत नव्हतं, तशी 'सवय' होती, असं तिथले गुरुजी म्हणायचे. वर्ग झाडायलाही बरोबर तीच नावं निघायची. ती मला येऊन म्हणाली, "सर, बोलू का नको? माझे गुण त्यांच्याच हातात आहेत. बापानं म्हैस विकून फी भरलीय."

आपले तडफदार मित्र म्हणतील, बोललीच पाहिजे, नाहीतर बाबासाहेबांचं नाव घेऊ नये. मला हे बोलणं सोपं वाटतं. बोलण्याची किंमत जो मोजणार नाही त्यानं मोजणाऱ्याला धैर्याची सक्ती करू नये. ज्याच्या हातात जेवढी सत्ता, तेवढं त्याच्यावर बोलण्याचं ओझं. त्या शाळेत सर्वात कमी सत्ता ह्या पोरीच्या हातात होती. कायम नोकरीतला मास्तर, केंद्रप्रमुख, कॉलेजचा प्राध्यापक, आपल्या संघटनेचा तालुका अध्यक्ष, ह्या सगळ्यांनी गप्प बसायचं आणि बावीस वर्षांच्या पोरीनं एकटीनं क्रांती करायची, हा कुठला न्याय?

पण एवढं म्हणून ती मोकळी होते असंही मी म्हणणार नाही. कारण भिंतीकडेची लेकरं बघत असतात. आपली बाई आली, तिनं बघितलं आणि मान फिरवली, हा पाठ ती लेकरं कुठल्याही टाचणाशिवाय शिकतात, आणि जन्मभर विसरत नाहीत. नोकरी लागल्यावर बोलेन, हे मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलंय. नोकरी लागल्यावर कायम झाल्यावर बोलेन, मग बदलीनंतर बोलेन, मग पेन्शननंतर.

तिनं काय केलं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी तिनं आपलं ताट घेतलं आणि भिंतीकडेच्या रांगेत जाऊन बसली. कुणाला काही म्हणाली नाही. आठवडाभर तिथंच जेवली. मग तिच्या वर्गातल्या इतर जातींच्या दोन पोरी बाईच्या शेजारी बसायचं म्हणून तिथं येऊन बसल्या. रांग मोडली असं मी म्हणत नाही, थोडी वाकली. ताट कुठं ठेवावं ह्याचा नियम मूल्यमापनाच्या तक्त्यात नाही, त्यामुळं तिला कुणी जाब विचारला नाही. शेवटी गुण मात्र तिच्या तुकडीत सर्वात कमी पडले. कारण लिहिलेलं नव्हतं.

ते गुण कमी पडल्यावर आपल्यातलं कोण त्या कॉलेजात गेलं? वर्ग बंद करायला पन्नास जण जमतात. एका पोरीचा मूल्यमापन तक्ता मागायला पाच जण जमले नाहीत.

आपल्या हातात हत्यार आहे, पण ते वापरायचं आपण विसरलोय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ खाली सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती लागते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजेत. आपल्या वस्तीच्या शाळेत ती समिती बहुतेक वेळा सह्यांपुरती असते. मुख्याध्यापक इतिवृत्त लिहितो आणि शिपाई घरोघर अंगठे-सह्या घेत फिरतो. कॉलेजचं पत्र आलं की मुख्याध्यापक परस्पर होकार कळवतो. त्यालाही ते सोयीचं असतं. मास्तर निवडणुकीच्या नाहीतर जनगणनेच्या कामाला गेला की छात्राध्यापक वर्ग सांभाळतो, फुकटात. रिकाम्या जागाही त्यातच झाकल्या जातात. छात्राध्यापक फी भरतो, गाडीभाडं भरतो, वर राबतो. ह्यात त्याचीही पिळवणूक आहे हे आपण लक्षात घेतलं पाहिजे. तो आपला शत्रू नाही.

तेव्हा माझं सांगणं असं की पुढच्या वर्षीचं पत्र यायच्या आधी समितीची बैठक लावा. तिथं आपल्या बायांनी विचारावं, हीच पोरं तालुक्यातल्या फीवाल्या शाळेतही पाठवणार आहात का? नसाल तर का नाही, ते लेखी द्या. एका वर्गाला दर पंधरा दिवसांनी नवा माणूस चालणार नाही. जो येईल त्यानं सोळा आठवडे त्याच लेकरांबरोबर काढायचे. पाठाच्या दिवशी मागच्या बाकावर निरीक्षकाच्या शेजारी एक पालक बसेल. त्याला वाचता नाही आलं तरी चालेल, कुणाला विचारलं आणि कुणाला नाही हे मोजायला अक्षरओळख लागत नाही. आणि लेकरांना विचारायचं, हे गुरुजी कसे वाटले, काय कळलं, काय नाही. लेकरांना काय कळतंय म्हणणाऱ्यांना सांगा, फुल्यांच्या शाळेतल्या मातंग मुलीचा, मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तीन वर्षं शाळेत गेलेल्या त्या पोरीनं साऱ्या धर्मव्यवस्थेला प्रश्न विचारले. आपल्या पोरांना एका सराव पाठाबद्दल बोलता येणार नाही?

हे सगळं इतिवृत्तात लिहून घ्या, आणि सही करायच्या आधी वाचून घ्या. इतिवृत्ताची नक्कल मागा. ज्या शाळेत समितीच नाही तिथं आधी समितीसाठी भांडावं लागेल, आणि ते काम टाळं ठोकण्यापेक्षा जास्त दिवसांचं आहे. त्या पोरीच्या मूल्यमापन तक्त्यासाठी माहिती अधिकारातला अर्ज मी लिहून ठेवला आहे. तिची परवानगी मिळाली आहे. कॉलेजात बरोबर यायला चार माणसं हवीत.